करपलेल्या हिरवळीचे वाचन : कोरडे उन्हाळे आणि पुसलेल्या बागा

१/
२०१८ सालच्या जुलै महिन्यात इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील चॅट्सवर्थ प्रासादासमोरची विस्तीर्ण हिरवळ करपली. गवत पिवळे पडू लागले, तसतशी त्यात वळणदार रेषा, वाफ्यांचे आकार आणि पायवाटा उमटत गेल्या. ती ३१९ वर्षांपूर्वीची बाग होती. कुणी कुदळ मारली नव्हती. पाऊस पडला नव्हता, इतकेच.

२/
विलक्षण कोरड्या उन्हाळ्यांनी ब्रिटनमधील हिरवळी आणि उद्याने वेळोवेळी होरपळून काढली आहेत. बागेच्या मालकासाठी ते नुकसान असते. इतिहासाच्या अभ्यासकासाठी मात्र ते काही आठवड्यांपुरते उघडलेले दफ्तर ठरते. त्या दफ्तरात काय सापडते, ते कसे वाचावे आणि त्यात कोणाची नोंद राहूनच जाते, याविषयीचा हा धागा.

३/
प्रथम हिरवळीविषयी. आज ‘लॉन’ ही साधी, जणू निसर्गदत्त गोष्ट वाटते. अठराव्या शतकात ती उघड श्रीमंती होती. ज्या जमिनीतून धान्य येत नाही, ती केवळ नजरेच्या सुखासाठी राखायची आणि पहाटे दव असताना लांब दांड्याच्या विळ्यांनी माणसांकडून कापून घ्यायची, हे सरदार घराण्यांनाच परवडे. उरलेल्या कुरणाचे गवत मेंढ्या खुरटून ठेवीत.

४/
त्याआधीच्या, म्हणजे सतराव्या शतकातील प्रतिष्ठित बागा वेगळ्या होत्या. फ्रान्स आणि हॉलंडच्या धर्तीवर आखलेले वाफे, खडीच्या वाटा, कातरलेली झुडपे. वरच्या मजल्यावरून पाहिले तर गालिचाच अंथरल्यासारखा दिसे. या प्रकाराला ‘पार्तेर’ म्हणत. डेव्हनशायरच्या पहिल्या ड्यूकसाठी १६९९ मध्ये चॅट्सवर्थला आखलेली बाग याच घडणीची होती.

५/
मग अभिरुची पालटली. भूमितीची बाग कृत्रिम वाटू लागली आणि घराच्या पायथ्यापर्यंत येणारे मोकळे गवत, दूरवर एखादे तळे, मधूनच झाडांचे पुंजके असा देखावा मान्यता पावला. १७३०च्या सुमारास चॅट्सवर्थचा पार्तेर गवताखाली गेला. पुढे लॅन्सलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राउन (१७१६–१७८३) या उद्यानकाराने ही रीत देशभर नेली. चॅट्सवर्थच्या परिसरावरही त्याचा हात फिरला.

६/
या ‘नैसर्गिक’ देखाव्याची किंमत पुष्कळदा माणसांनी मोजली. डॉर्सेटमधील मिल्टन ॲबीचा मालक जोसेफ डेमर, अर्थात लॉर्ड मिल्टन, याला आपल्या घराजवळचे मिडल्टन हे बाजारगाव नजरेला खुपू लागले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने ते टप्प्याटप्प्याने पाडवले. उरलेल्या रहिवाशांसाठी दरीत, मालकाच्या नजरेआड, मिल्टन ॲबस हे नवे गाव वसवण्यात आले. गावाच्या जागी गवत आणि झाडे आली. तेथेही उद्यानरचनेत ब्राउनचा सहभाग होता.

७/
हिरवळ सामान्य घरापर्यंत पोहोचली ती यंत्रामुळे. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडच्या एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. लोकरी कापडावरची लव सारखी करणारे गिरणीतील यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. पुढील शंभर वर्षांत उपनगरातील प्रत्येक घरापुढे हिरव्या गवताचा एक चौकोन असणे ही मध्यमवर्गीय सभ्यतेची खूण झाली.

८/
साम्राज्याबरोबर ही अभिरुची भारतातही आली. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झनच्या काळात ताजमहालाच्या परिसराची डागडुजी झाली. त्या वेळी बागेतील दाट झाडी कमी झाली आणि मोकळ्या गवताला प्राधान्य मिळाले. आज पर्यटक जी हिरवळ मुघल समजून पाहतो, तिच्यात इंग्रजी रुचीचा वाटा मोठा आहे. गवत आपले वय सांगत नाही. म्हणूनच जुन्याच्या जागी नवे बेमालूम बसवायला ते सोयीचे असते.

९/
मग दुष्काळात ते बोलू कसे लागते? यामागचे तंत्र सोपे आहे. गवताची मुळे उथळ असतात. खाली जुन्या भिंतीचा पाया किंवा खडीची वाट असेल, तर तेथे मातीचा थर पातळ असतो आणि ओल थोडी. पाऊस लांबला की तेथील गवत आधी वाळते. उलट खाली बुजलेला चर वा खड्डा असेल, तर त्यातील खोल, भुसभुशीत माती ओल धरून ठेवते आणि वरचे गवत अधिक काळ हिरवे राहते.

१०/
परिणामी एरवी एकसारख्या दिसणाऱ्या हिरवळीवर पिवळ्या-हिरव्या रंगांचा आराखडा उमटतो. इंग्रजीत या खुणांना ‘पार्चमार्क’ म्हणतात. मराठीत त्यांना ‘करपखुणा’ म्हणायला हरकत नाही. उभ्या पिकात हाच प्रकार घडला की त्या ‘पीकखुणा’. जमिनीवरून त्या विस्कळीत डागांसारख्या भासतात. उंचावरून पाहिल्यावर रेषा जुळतात.

११/
हे निरीक्षण विमानांपेक्षा पुष्कळ जुने आहे. विल्यम कॅम्डेन याच्या ‘ब्रिटानिया’ या ग्रंथात (पहिली आवृत्ती १५८६) केंटमधील रिचबरो या रोमन ठाण्याविषयी एक नोंद येते : शेतात पीक वर आले की जुन्या, एकमेकींना छेदणाऱ्या रस्त्यांच्या जागी ते विरळ दिसते. स्थानिक लोक त्या आकृतीला संत ऑगस्टीनचा क्रूस म्हणत. शेतकऱ्यांनी खूण पाहिली होती, तिला नावही दिले होते. विद्वानाने ती टिपून ठेवली.

१२/
पहिल्या महायुद्धानंतर वैमानिकांची नजर या कामी आली. ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा खात्यातील पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी हवाई छायाचित्रणाला अभ्यासशाखेचे रूप दिले. १९२५ मध्ये स्क्वॉड्रन लीडर गिल्बर्ट इन्सॉल यांना स्टोनहेंजजवळच्या एका शेतात वर्तुळाकार ठिपके दिसले. पुढच्या उन्हाळ्यात गव्हाच्या पिकात ते स्पष्ट झाले. उत्खननाअंती तेथे लाकडी खांबांच्या खड्ड्यांची एकात एक सहा वलये सापडली. तेच आजचे ‘वुडहेंज’.

१३/
आता १९७६ कडे. मे १९७५ ते ऑगस्ट १९७६ हा इंग्लंड आणि वेल्ससाठी १७६६ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा सोळा महिन्यांचा काळ ठरला. २३ जून ते ७ जुलै १९७६ असे सलग १५ दिवस इंग्लंडमध्ये कोठे ना कोठे पारा ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेला. ३ जुलै रोजी चेल्टनहॅमला ३५.९ अंशांची नोंद झाली. विदर्भातील वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु रिमझिम पाऊस गृहीत धरून रचलेल्या देशासाठी तो धक्का होता.

१४/
पाणी तुटले तेव्हा पहिला घाला बागेवर आला. रबरी नळीने झाडांना व गवताला पाणी घालण्यास अनेक भागांत बंदी झाली. ६ ऑगस्टला ‘दुष्काळ कायदा’ लागू झाला आणि पाणीपुरवठा यंत्रणांना वापरावर आणखी निर्बंध घालण्याचे अधिकार मिळाले. वेल्स, डेव्हन आणि यॉर्कशायरच्या काही भागांत लोक रस्त्यावरच्या सार्वजनिक नळावर बादल्या घेऊन उभे राहिले.

१५/
या काळात हिरवळीचा सामाजिक अर्थच उलटला. एरवी हिरवेगार गवत ही नीटनेटक्या घराची साक्ष; १९७६ मध्ये तेच संशयाचे कारण बनले. ज्याची हिरवळ अजून हिरवी, तो रात्री चोरून पाणी घालत असावा, अशी शेजाऱ्यांची कुजबुज. करपलेले गवत ही नागरिकत्वाची निशाणी ठरली. स्नानाचे आणि भांड्यांचे पाणी बादलीने गुलाबाच्या मुळाशी जाऊ लागले.

१६/
बागांचे नुकसान गवतावर थांबले नाही. गवत पावसानंतर पुन्हा फुटते. मोठी झाडे मात्र परत येत नाहीत. उथळ मुळांचे बीच वृक्ष ठिकठिकाणी वाळले. चिकणमातीची जमीन आकसून घरांच्या भिंतींना तडे गेले. माळरानांना आगी लागल्या. मावा खाऊन माजलेल्या ठिपकेदार लाल लेडीबर्ड किड्यांचे थवे खाणे संपल्यावर गावांत आणि किनाऱ्यांवर उतरले. पिके हातची गेली, भाज्या महागल्या.

१७/
ऑगस्टच्या अखेरीस पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी क्रीडामंत्री डेनिस हॉवेल यांच्याकडे दुष्काळाची जबाबदारी सोपवली. काही दिवसांतच पाऊस कोसळू लागला आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अतिशय ओले गेले. ‘दुष्काळमंत्री’ नेमल्याने पाऊस पडला, हा विनोद ब्रिटनमध्ये अजूनही सांगितला जातो. त्याच उन्हाळ्यात विमानातून पाहणी करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना मात्र पिकांत आणि कुरणांत उमटलेल्या खुणांचे अपूर्व पीक मिळाले होते. पाऊस आला आणि खुणा मिटल्या.

१८/
२०१३ मध्ये तर इतिहासाला मदत झाली ती एका तोकड्या नळीची. स्टोनहेंजचे गवत कोरड्या दिवसांत नळीने भिजवले जाई. पण नळी वर्तुळाच्या सर्व भागापर्यंत पोहोचत नसे. त्या जुलैत न भिजलेल्या भागात गवत विशिष्ट जागी करपले, आणि ते तेथील कर्मचारी टिम डॉ यांच्या लक्षात आले. आज जेथे शिळा नाहीत, नेमक्या तेथे शिळांच्या खड्ड्यांच्या जागा दिसत होत्या.

१९/
हे वर्तुळ कधी पूर्ण झाले होते का, हा जुना वाद. त्याला या डागांनी वळण दिले. २०१४ मध्ये ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात त्याविषयी निबंध प्रसिद्ध झाला. येथे दोन सावधगिरीच्या सूचनाही मिळतात. खड्डा होता म्हणजे त्यात शिळा उभी राहिलीच, असे केवळ डागावरून सिद्ध होत नाही. आणि खड्ड्यावरचे गवत नेहमी हिरवेच राहील, हा नियमही अटळ नाही. खड्डा कशाने भरला, यावर ते ठरते. येथे तर खड्ड्यांच्याच जागा करपल्या होत्या.

२०/
२०१८ पर्यंत ड्रोन हाती आला होता. चॅट्सवर्थबरोबरच नॉटिंगहॅमशायरमधील क्लम्बर पार्कच्या गवतात १९३८ मध्ये पाडलेल्या प्रासादाच्या खोल्यांचा आराखडा उमटला. लँकशायरमधील गॉथॉर्प हॉलसमोर चार्ल्स बॅरी यांच्या काळातील बाग दिसली. हे बॅरी म्हणजे ब्रिटिश संसद भवनाचे वास्तुकार. ही बाग १९४६ मध्ये काढून टाकण्यात आली होती. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजच्या सुप्रसिद्ध थडग्याजवळ एका शेतात प्रचंड वर्तुळ प्रकटले. ते टिपणारे अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स ड्रोन उडवण्यासाठी सहज गेले होते.

२१/
या तीन बागांकडे एकत्र पाहावे. चॅट्सवर्थ अभिरुची बदलल्यामुळे गाडले गेले. क्लम्बरचा प्रासाद पडला, कारण तो पोसणे मालकाला जड झाले. गॉथॉर्पची बाग महायुद्धानंतर गेली. अशा बागा राखणारे माळ्यांचे ताफे तोवर इतिहासजमा होत होते. तिन्ही ठिकाणी वर सारखेच गवत. म्हणजे हिरवळ ही पुसलेली पाटी आहे. ती कोणी आणि का पुसली, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे विचारावे लागते.

२२/
आणि येथेच या साधनाचा पक्षपात ध्यानात घ्यायला हवा. दगडी पाया, खडीची वाट, खोल खंदक यांच्या खुणा ठळक उमटतात. मातीच्या भिंतींची झोपडी, माळ्याची खोपटी, उथळ पायावरचे घर पुष्कळदा काहीच मागे ठेवत नाही. ड्यूकच्या फुलझाडांचे वाफे तीन शतकांनंतर वर्तमानपत्रात झळकतात. ज्यांनी ते खुरपले त्यांची घरे क्वचितच दिसतात. करपलेले गवत खोटे बोलत नसले, तरी ते सगळ्यांविषयी सारखे बोलत नाही.

२३/
आणखी काही मर्यादा. खडूच्या व वाळूमिश्रित जमिनीत खुणा लवकर उमटतात. जड चिकणमातीत फार उशिरा किंवा मुळीच नाही. खूण नसणे म्हणजे खाली काही नसणे, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट प्रत्येक रेषा पुरातनही नसते : मागच्या पिढीत टाकलेली पाण्याची वाहिनी किंवा गेल्या वर्षीचा मांडवही गवतावर डाग ठेवून जातो. म्हणून जुने नकाशे, दफ्तरातील हिशेब आणि उत्खनन यांच्याशी पडताळा घेतल्याखेरीज खुणेचे प्रमाण होत नाही.

२४/
मराठी वाचकाला ओसरत्या पाण्याने दाखवलेला इतिहास परिचित आहे. उजनीचा जलाशय खाली गेला की पळसदेवचे मंदिर वर येते. गोव्यात साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी हे मोगूबाई कुर्डीकरांचे गाव उन्हाळ्याच्या अखेरीस उघडे पडते आणि विस्थापित कुटुंबे आपल्या देवळांच्या जागी पुन्हा जमतात. मात्र तेथे जे दिसते ते ठाऊक असलेल्यांच्या आठवणीतलेच असते. इंग्लंडच्या हिरवळीखाली जे दिसते, त्याची आठवण ठेवणारे कुणी उरलेले नसते.

२५/
आता अडचणीचा प्रश्न. हे उन्हाळे यापुढे विलक्षण राहतील का? १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. ब्रिटनमध्ये पाऱ्याने चाळिशी प्रथमच ओलांडली. २०२५चा उन्हाळा सरासरी तापमानानुसार ब्रिटनच्या १८८४ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला. ज्या १९७६ ची कहाणी दोन पिढ्यांनी सांगितली, ते वर्ष त्या यादीत पहिल्या पाचांतही उरले नाही.

२६/
वारंवार दिसणारी खूण अभ्यासाला उपकारक वाटेल, पण जे कोरडेपण गाडलेले दाखवते तेच त्याला मारतेही. पाणथळ जमिनीत लाकूड, चामडे, कापड हजारो वर्षे टिकते ते ओल आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे. ती जमीन सुकली की कुजण्याची क्रिया सुरू होते. भिंतीची रेषा गवतावर उमटत असताना, अन्यत्र एखादी लाकडी वाट जमिनीखालीच नाहीशी होत असते. तिची खूण कुठल्याच हिरवळीवर दिसत नाही.

२७/
म्हणून या दफ्तराचा वापर करताना दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात. बहुतेक साधने कुणीतरी जपून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत येतात. करपखूण तशी नाही. पिके जळाली, झाडे मेली, बादल्या घेऊन माणसे रांगेत उभी राहिली, तेव्हा ती दिसली. ती टिपण्याची मुदत पुढच्या पावसापर्यंतची. चॅट्सवर्थलाही अखेर पाऊस आला, गवत फुटले आणि १६९९ची बाग पुन्हा हिरवळीखाली गेली. गेली ती नष्ट होऊन नव्हे. पुढच्या कोरड्या उन्हाळ्यापर्यंत.